सिडनहॅमचे अतिकाय प्राणी

दुर्गापूजेच्या आधी कलकत्त्याच्या कुमारटुलीतून जे वाचक फिरले असतील त्यांनी बांबू व गवत यांच्या सांगाड्यावर माती लिंपणारे कारागीर पाहिलेच असतील. देवीबरोबर तेथे सिंह आणि महिषही आकार घेतात. पण सिंह काय किंवा रेडा काय, कोणी ना कोणी पाहिलेला प्राणी आहे. ज्याला मनुष्यजातीने कधीच पाहिले नाही, त्याची प्रतिमा कशी घडवावी? या प्रश्नाला ज्याने धीटपणे हात घातला, त्याची हकीकत आम्ही येथे देत आहोत.

लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ साली भरलेल्या महाप्रदर्शनाचा काचमहाल पुढे सिडनहॅम येथे नेऊन पुन्हा उभारण्यात आला. त्याच्या उद्यानात लुप्त प्राण्यांच्या पूर्णाकृती प्रतिमा असाव्यात असे ठरले आणि ते काम बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्स या शिल्पकाराकडे आले. सल्लागार होते रिचर्ड ओवेन. १८४२ साली 'डायनोसॉरिया' हे नाव प्रसिद्ध करणारे शास्त्रज्ञ ते हेच. हाती सामग्री मात्र तुटपुंजी होती: काही दात आणि काही विखुरलेली हाडे.

हॉकिन्स आधी लहान नमुना करी, मग मातीचा पूर्णाकृती पुतळा. एखाद्या पुतळ्याला तीस टन माती लागे. पुतळ्याच्या आधारासाठी शिल्पकार झाडाचा बुंधा वा खडक योजतात. येथे ती मुभा नव्हती. सारा भार चार पायांवरच तोलावयाचा होता. चार खांबांवर घर बांधण्याचेच हे काम, असे त्याने १८५४ साली सोसायटी ऑफ आर्ट्सपुढे सांगितले. उभ्या इग्वानोडॉनसाठी लागलेले साहित्यही त्याने मोजून दिले: नऊ फूट लांबीचे ४ लोखंडी खांब, ६०० विटा, ६५० अर्धगोल पन्हळी कौले, ९०० साधी कौले, सिमेंटची ३८ पिंपे आणि फोडलेल्या दगडाची ९० पिंपे. शिवाय शंभर फूट लोखंडी पट्टी. गवंड्याच्या या सामानातून प्राणी उभा राहिला. ३१ डिसेंबर १८५३ रोजी याच इग्वानोडॉनच्या साच्यात बसून विद्वानांनी मेजवानीही झोडली.

आणि एवढे करूनही प्राणी चुकलाच. त्याच्या नाकावर हॉकिन्सने शिंग बसविले होते. १८७८ साली बेल्जममधील बर्निसार येथील खाणीत इग्वानोडॉनचे सांगाडे सापडले, तेव्हा कळले की ते शिंग नसून अंगठ्याचा काटा होता.

मग अशा प्रतिमांचे मोल काय? आमच्या मते, चूक आणि अप्रामाणिकपणा यांत भेद केला पाहिजे. हॉकिन्सची चूक त्या काळच्या ज्ञानाची मर्यादा होती, त्याच्या हाताची नव्हे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी १८६८ पासून त्याने अशाच प्रतिमा घडविल्या; १८७१ मध्ये त्या फोडून टाकण्यात आल्या. फोडणाऱ्यांनी त्यांत शास्त्रीय दोष काढला नव्हता.  चूक दुरुस्त होते. फोडलेले काम परत येत नाही.

काचमहाल १९३६ साली जळाला. प्रतिमा वाचल्या. २००७ साली त्यांना इंग्लंडमधील संरक्षित वास्तूंच्या पहिल्या श्रेणीत स्थान मिळाले. त्यांच्या भेगा वेळोवेळी सांधल्या गेल्या, रंग पुन्हा चढले. पण नाकावरचे शिंग कोणी उतरविले नाही. ते तेथेच असावे असे आम्हांस वाटते. आपण एके काळी काय जाणत होतो, याची खूण पुसून टाकण्याने कोणाचे ज्ञान वाढत नाही.