परसातलं विलायती वांगं

बडोद्यातल्या आमच्या जुन्या घराच्या आठवणी मी अधूनमधून लिहिते. आज वाड्याबद्दल नाही, परसातल्या एका झाडाबद्दल.

माझी आजी टोमॅटोला शेवटपर्यंत 'विलायती वांगं' म्हणायची. ते काही तिनं काढलेलं नाव नव्हतं. टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला, मेक्सिकोतल्या 'तोमात्ल' या शब्दावरून त्याला नाव मिळालं. पोर्तुगीजांमार्फत तो आपल्याकडे आला असं मानतात. पण बराच काळ तो साहेबांच्या टेबलावरच राहिला. १८८९ पासून जॉर्ज वॉट यांचा हिंदुस्थानातल्या वनस्पतींचा कोश निघाला, त्यातही लिहिलंय की हे पीक मुख्यतः युरोपियनांसाठी लावतात, बंगाली आणि ब्रह्मी लोक मात्र आंबट कालवणात घालतात. मराठी ब्राह्मणी स्वयंपाकघरात त्याला यायला आणखी वेळ लागला. लाल रंग, आतला गर, सगळं मांसासारखं दिसतं म्हणून.

बडोद्याला बागेची हौस जुनी. कमाटीबाग १८७९ ची. सयाजीराव महाराजांनी क्रुंबिगेल नावाच्या जर्मन उद्यानतज्ज्ञाला इथल्या बागांसाठी आणलं होतं, पुढे ते बंगळूरच्या लालबागेत गेले. अशा गावात नोकरदार माणसालाही परसात चार झाडं लावावीशी वाटली तर नवल नाही. आमच्या आजोबांना, म्हणजे नानांना, कुणा ओळखीच्या माळ्यानं टोमॅटोची रोपं दिली. आजी म्हणाली, "लावा, पण विहिरीच्या पलीकडे. तुळशीजवळ नको."

नानांचं वेळापत्रक ठरलेलं. गणपती गेले की कुंडीत बी टाकायचं. रोपाला चार-पाच पानं आली की नवरात्राच्या सुमाराला, संध्याकाळी ऊन उतरल्यावर परसात लावायचं. आधाराला तुराट्या, बांधायला आजीच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या, सुतळी नाही. सुतळीनं खोड कापतं. पानाच्या बेचक्यातून येणारे फुटवे चिमटीनं खुडायचं काम आम्हा मुलांचं. दिवसभर हाताला तो हिरवा वास यायचा. पाणी मुळाशी, पानांवर नाही, आणि रोज सारखं. एक दिवस कोरडं ठेवून दुसऱ्या दिवशी बादली ओतली की फळं तडकायची, आणि नानांची बोलणी आम्हाला बसायची. संक्रांतीला फळं लाल व्हायची. शिमगा झाला की ऊन वाढायचं, पांढरी माशी यायची, पानं मुरडायची, आणि नाना झाडं उपटून टाकायचे.

फळ चपटं, कळ्या पडलेलं, चांगलंच आंबट. आई त्याची कोशिंबीर करायची, ती वेगळ्या भांड्यात. आजी शिवायची नाही.

मग एका पौषात आमसुलांची बरणी रिकामी झाली. आमसुलं कोकणातून यायची, त्या वर्षी आलीच नाहीत. आमटी चुलीवर उकळत होती. आजी परसदारी गेली, दोन टोमॅटो तोडून आणले, चिरले आणि आमटीत टाकले. कुणाला काही बोलली नाही. नाना दोनदा आमटी मागून जेवले, तेही काही बोलले नाहीत. त्यानंतर आमच्याकडे रोजच्या आमटीत टोमॅटो आला. नैवेद्याला आणि श्राद्धाला मात्र आजही नाही.

बी धरायचं काम नंतर आजीनंच घेतलं. झाडावर पूर्ण पिकलेलं फळ निवडायचं, बिया राखेत चोळायच्या म्हणजे त्यांच्यावरचा बुळबुळीतपणा जातो, सावलीत वाळवायच्या, पुडी बांधून डब्यात. तिच्यानंतर आईनं धरलं. आईनंतर माझी पाळी होती.

मी एका वर्षी बाजारातून संकरित रोपं आणली. फळं छान गोल, भरपूर आली. त्या वर्षी घरचं बी लावलंच नाही. पुढच्या वर्षी त्या संकरित फळांचं बी लावलं, तर एकेका झाडाला वेगळंच फळ. संकरिताचं बी तसंच येत नाही, हे मला तेव्हा कळलं. जुन्या पुडीतलं लावून पाहिलं, उगवलं नाही. देवासच्या आत्याकडे माहेरचं बी होतं, तिच्याकडेही कधीच संपलेलं.

आम्ही घराण्याची वंशावळ जपली, मोडी कागद जपले, तांब्याचे हंडे तर नव्या फ्लॅटमध्येही आणले. पण जे दर वर्षी मातीत घातल्याशिवाय टिकत नाही, ते माझ्या हातून गेलं. ते वारसा आहे असं कुणी म्हटलंच नव्हतं.

आता गॅलरीत कुंडीत टोमॅटो लावते. लुगड्याच्या चिंध्या नाहीत, जुन्या ओढणीच्या आहेत. तुमच्याकडे आजीच्या वेळचं, दर वर्षी धरलेलं कुठलंही बी असेल, टोमॅटोचं, वांग्याचं, घेवड्याचं, तर या गणपतीनंतर ते लावा. आणि थोडं दुसऱ्या घरी द्या. एकाच घरात ठेवू नका.