काच, मेण आणि त्वचा

त्वचा टवटवीत दिसावी म्हणून आज हायलुरॉनिक आम्लाची इंजेक्शने घेतली जातात. रूपासाठी सुई टोचण्याची कल्पना मात्र जुनी आहे. व्हिएन्नाचे शल्यविशारद रॉबर्ट गेरसुनी यांनी १८९९ मध्ये शरीरात मेणासारखे पॅराफिन टोचले. लवकरच ते चेहऱ्यांतही भरले गेले. शरीराला त्याचे विघटन करता येईना. कठीण गाठी झाल्या.

१९३४ मध्ये न्यूयॉर्कला कार्ल मायर व जॉन पामर यांनी गुरांच्या डोळ्यांतील काचद्रवातून हे आम्ल वेगळे केले. ग्रीक ‘हायलॉस’ म्हणजे काच. हे आम्ल आपल्या त्वचेतही असते, पाणी धरून ठेवते; विकरे त्याचे विघटन करतात. म्हणूनच इंजेक्शनचा परिणाम कालांतराने ओसरतो. सुई रक्तवाहिनीत गेल्यास धोका आहेच. तेव्हा रूपाआधी आपण विचारू या: टोचलेल्या पदार्थाचे शरीर पुढे काय करते?