जुन्या पत्त्याची राखीव वाट

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सरकारी इंग्रजीतलं ‘पूना’ जाऊन ‘पुणे’ आलं. मराठी माणसाच्या तोंडी ते आधीपासून पुणेच होतं. तरी पूना क्लब आणि पूना कॉलेज आजही त्याच नावाने चालतात. 1995 साली मुंबईचं इंग्रजी नाव बदललं, पण आयआयटी ‘बॉम्बे’च राहिली. 1949 साली सुरू झालेल्या पुणे विद्यापीठाला 2014 मध्ये सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं. संकेतस्थळाचा पत्ता मात्र ‘युनिपुणे’च आहे. याला कुणी आळस म्हणेल, कुणी गुलामीची उरलेली खूण. क्लबाच्या बाबतीत हा आक्षेप मला अर्धा पटतो, कारण तिथे हौसेपलीकडे फारसं काही अडत नाही. पत्त्याचं तसं नाही. नाव संस्थेच्या मालकीचं असतं. पत्ता एकदा दिला की तो शोधनिबंधांच्या तळटीपांत, महाविद्यालयांच्या नोंदींत आणि परक्या संगणकांच्या आज्ञावलींत जाऊन बसतो. तिथली दुरुस्ती संस्थेच्या हातात नसते.

मग जुन्यावरून सगळ्यांना नव्याकडे वळवावं, त्यात काय कठीण, असं कुणी विचारेल. पानं वाचणाऱ्यांसाठी ते पुरतं. पण समजा, एखाद्या विद्यापीठाने पत्ता बदलला आणि महाविद्यालयांच्या संगणकांतून परीक्षा अर्ज जुन्याच पत्त्यावर येत राहिले. ‘कायमचं हलवलं’ सांगणारा 301 हा संकेत मिळाला की कितीतरी प्रणाली नव्या पत्त्यावर जातात खऱ्या, पण भरलेला अर्ज मागे टाकून नुसतं पान मागतात. अर्जासकट वळवणारा 308 हा संकेत 2014 सालचा. जुन्या आज्ञावलींना तो कळेलच असं नाही. म्हणून अर्जाची तेवढी वाट वगळून बाकी सगळं वळवावं लागतं. अपाची सर्व्हरवर वळवण्याचे नियम वरून खाली तपासले जातात, तेव्हा अपवाद सरसकट नियमाच्या वर लिहायचा. खाली लिहिला तर अर्ज त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आधीच वळलेला असतो. गरज पडली की अपवाद घालू, हे धोरणही महागात पडतं. ब्राउझर 301 लक्षात ठेवतात. एकदा वळवलेला ब्राउझर पुढच्या खेपेला जुन्या सर्व्हरला विचारायला येईलच असं नाही, आणि मागाहून घातलेला अपवाद त्याला कळत नाही.