लेट्यूस : परसबागेतील लागवड

कच्ची खाण्यासाठी लावली जाणारी, थंडी मानवणारी हंगामी पालेभाजी. शास्त्रीय नाव लॅक्टुका सटायव्हा; कुल ॲस्टरेसी, म्हणजे सूर्यफूल, शेवंती आणि करडई यांचेच. पान देठाशी मोडले की पांढरा चीक येतो आणि झाड जून होत जाईल तसा तो वाढत जातो. या भाजीचा कडवटपणा त्या चिकातूनच येतो.

लेट्यूसचा रानटी पूर्वज लॅक्टुका सेरिओला हा काटेरी पानांचा असून तो भूमध्य समुद्राच्या आसपास व पश्चिम आशियात तणासारखा उगवतो. प्राचीन इजिप्तमध्ये मिन या सुफलनाच्या देवतेच्या शिल्पांत लेट्यूसची उंच झाडे कोरलेली दिसतात. भारतात या वनस्पतीची जुनी ओळख भाजी म्हणून नाही, औषध म्हणून आहे : युनानी वैद्यकात झोपेसाठी व उष्णतेसाठी वापरले जाणारे ‘तुख्मे काहू’ म्हणजे लेट्यूसचेच बी. मराठी घराच्या ताटात मात्र ते हॉटेलांच्या, सँडविचच्या आणि बर्गरच्या वाटेने आले. पाचगणी-महाबळेश्वरचा थंड हवेचा पट्टा आणि पुण्याच्या आसपासचा भाग येथे ‘विदेशी भाजीपाला’ या नावाखाली त्याची व्यापारी लागवड होते.

कच्चा पाला खाणे ही गोष्ट मात्र महाराष्ट्राला नवी नाही. मराठवाड्यात आणि देशावर हिवाळ्यात कोवळी मेथी, कांद्याची पात, हरभऱ्याचे शेंडे किंवा करडईचा पाला बारीक चिरून त्यात दाण्याचे कूट, तिखट, मीठ आणि कच्चे तेल घालून घोळाणा करतात व तो ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात. ज्वारी-हरभऱ्याच्या शेतात आपोआप उगवणारी पाथरी तर लेट्यूसची जवळची नातेवाईक आहे : तेच कुल, तसाच चीक, तशीच जमिनीलगत पसरलेली पाने आणि तशीच पिवळी फुले. पाथरी ज्या दिवसांत कोवळी मिळते ते लेट्यूसचेही दिवस, हे लक्षात ठेवले तरी परसबागेचे निम्मे वेळापत्रक हाती येते.

प्रकार : गड्ड्याचे कुरकुरीत (आइसबर्ग), लोण्यासारख्या मऊ पानांचे सैल गड्ड्याचे (बटरहेड), उभट लांब पानांचे (रोमेन किंवा कॉस) आणि गड्डा न धरणारे सुट्या पानांचे, असे चार प्रकार सामान्यतः मानतात. जाड दांड्यासाठी पिकवले जाणारे चिनी लेट्यूस हा पाचवा. तो शिजवून खातात. घरच्या बागेसाठी सुट्या पानांचे वाण निःसंशय उत्तम, त्याखालोखाल रोमेन. ‘ग्रँड रॅपिड्स’, ‘ब्लॅक सीडेड सिम्प्सन’, झालरीच्या लाल पानांचे ‘लोलो रोसा’ आणि ओकच्या पानांसारखे ‘ओकलीफ’ हे वाण कुंडीतही चांगले येतात. आइसबर्गचा घट्ट गड्डा घरी करण्याचा हट्ट सोडावा. त्याला अडीच-तीन महिने सलग थंडी लागते आणि ती महाबळेश्वरला मिळाली तरी ठाण्याला मिळत नाही. शिवाय तो गड्डा बाजारासाठी घडवलेला आहे : एकसारखा, गाडीत टिकणारा, चवीला बेताचा. जीवनसत्त्व अ (बीटा कॅरोटीनच्या रूपात) आणि के यांचे प्रमाण त्याच्या फिक्या आतल्या पानांपेक्षा सुट्या हिरव्या-लाल पानांत बरेच जास्त असते.

तापमान : लेट्यूसच्या लागवडीतील बहुतेक अपयश खतापाण्याचे नसून तापमानाचे असते. झाडाची वाढ १५ ते २० अंश सेल्सिअसला सर्वांत चांगली होते. दिवसा २८-३० अंश आणि रात्री १०-१५ अंश हेही ते सोसते, म्हणून पुणे, नाशिक, सातारा, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात कार्तिक ते माघ हा त्याचा खरा हंगाम ठरतो. विदर्भात दिवाळीनंतर पेरले तर फेब्रुवारीपर्यंत पाने मिळतात. मुंबई आणि कोकणपट्टीत हंगाम त्याहूनही आखूड असतो. तेथे डिसेंबर-जानेवारी हाती धरायचे आणि कोवळ्या पानांवर समाधान मानायचे. उन्हाळ्यात शेडनेट बांधून ते जगवता येते, पण जगणे वेगळे आणि खाण्याजोगे होणे वेगळे.

ऊन वाढू लागले आणि दिवस मोठा होऊ लागला की झाड मधोमध दांडा वर काढते, पाने अरुंद व टोकदार होतात आणि लॅक्टुसिन व त्याच्या जातीची कडू द्रव्ये पानांत साठतात. माळी याला ‘फुलावर जाणे’ म्हणतात. हे एकदा सुरू झाले की पाणी, खत, सावली यांपैकी काहीही करून झाड मागे फिरत नाही. दांडा बोटभर वर आला की पाने खुडून घ्यावीत आणि झाड उपटावे किंवा बियांसाठी ठेवावे.

बी : लेट्यूसचे बी चपटे, टोकदार, काळे किंवा राखाडी-पांढरे असून एका ग्रॅममध्ये साधारण आठशे ते हजार दाणे असतात. वनस्पतिशास्त्रात या दाण्याला वेगळेच मानाचे स्थान आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मेरिलँडमधील बेल्ट्सव्हिल केंद्रात बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘ग्रँड रॅपिड्स’ लेट्यूसच्या भिजवलेल्या बियांवर तांबड्या आणि अतितांबड्या प्रकाशाचे झोत आलटून पालटून टाकले. शेवटचा झोत तांबडा असेल तर बी रुजते, अतितांबडा असेल तर पडून राहते. आधी किती झोत पडले याला काही महत्त्व नाही, असे त्यांना आढळले. वनस्पतींना प्रकाशाची जाणीव करून देणारे फायटोक्रोम हे रंगद्रव्य या धाग्यावरून पुढे १९५९ मध्ये प्रत्यक्ष हाती लागले. परसबागेपुरता याचा अर्थ सरळ आहे : मेथीसारखे बी खोल पुरू नये. ओल्या मातीवर भुरभुरावे, वरून चाळलेले गांडूळखत किंवा कोकोपीट दोन-तीन मिलिमीटर टाकावे आणि हाताने हलकेच दाबावे.

दुसरी अडचण उष्णतेची. मातीचे तापमान २८-३० अंशांच्या वर गेले की अनेक वाणांचे बी जिवंत असूनही रुजत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात पेरलेले बी ‘फसवे निघाले’ म्हणून दुकानदाराला बोल लावला जातो, तेव्हा दोष पुष्कळदा त्या तापलेल्या कुंडीचा असतो. उपाय सोपा आहे. ओल्या टिपकागदात बी गुंडाळून ते डबीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन दिवस ठेवावे आणि संध्याकाळी पेरून ट्रे सावलीत ठेवावा. पांढरा मोड टोकाशी डोकावला की लगेच पेरावे. मोड लांबला तर पेरताना मोडतो. पेरलेले बी मुंग्या ओळीने उचलून नेतात, म्हणून ट्रे पाण्याने भरलेल्या ताटलीत वीट ठेवून तिच्यावर ठेवतात किंवा कडेने हळद टाकतात. पहिला उपाय अधिक भरवशाचा.

माती व लागवड : मुळे उथळ असल्यामुळे १५-२० सेंमी. खोलीची कुंडी, फळांचा क्रेट किंवा मासळीचे थर्माकोलचे खोके पुरते; तळाला भोके मात्र हवीत. माती, कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि धुतलेले कोकोपीट समप्रमाणात घेतले की काम भागते. कोकोपीट न धुता वापरले तर त्यातील क्षार रोपांना बाधतात. बोअरच्या खारट पाण्यानेही पानांच्या कडा करपतात. काळ्या जमिनीत गादीवाफा करावा, कारण भेगाळणारी माती या उथळ मुळांना तोडते. कोकणातील तांबड्या आम्ल मातीत पेरणीच्या पंधरवडाभर आधी थोडा चुना मिसळणे हिताचे.

युरियाचा मोह टाळावा. पाने झटपट हिरवीगार होतात खरी, पण कमी उन्हात नायट्रेट साठते, मावा वाढतो आणि पान फुगवट, पाणचट लागते. रोपे तीन-चार आठवड्यांची, चार-पाच पानांची झाली की २०-२५ सेंमी. अंतरावर संध्याकाळी लावावीत आणि पानांचा गाभा मातीत बुडणार नाही याची काळजी घ्यावी. सकाळचे चार-पाच तासांचे ऊन पुरते. माघानंतर दुपारची सावली आवश्यक ठरते.

एकदाच पाकीटभर बी पेरणे ही नवख्यांची नेहमीची चूक. सगळी झाडे एकदम तयार होतात, शेजाऱ्यांना वाटून होतात आणि पुढे महिनाभर काहीच नसते. चार माणसांच्या घराला दर बारा-पंधरा दिवसांनी आठ-दहा रोपे लावत गेल्यास पानांचा तुटवडा पडत नाही.

कीड व दोष : मावा पानांच्या आतल्या सुरकुत्यांत दडतो आणि धुतानाही सुटत नाही. तो दिसू लागताच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडावा. पाच टक्के निंबोळी अर्क परिणामकारक असला, तरी कच्च्या खायच्या पानाला त्याचा वास व कडूपणा काही दिवस राहतो. तोडणीच्या आधीच्या आठवड्यात तो फवारू नये. गोगलगायींसाठी रात्री ओले गोणपाट वाफ्याकडेला पसरून सकाळी त्याखाली जमलेल्या वेचून मिठाच्या पाण्यात टाकतात. दमट हवेत केवडा रोगाने पानावर पिवळे कोनाकृती डाग आणि खाली पांढरी बुरशी येते. दाटी कमी करणे आणि पाणी पानांवर न मारता मुळाशी देणे एवढेच घरी करण्यासारखे आहे. आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होणे हा रोग नव्हे. वाढ झपाट्याने होत असताना कॅल्शियम त्या पानांपर्यंत वेळेत पोहोचत नाही, म्हणून तसे होते. मातीत कॅल्शियम असूनही हा दोष दिसतो, त्यामुळे अंड्याची टरफले कुंडीत टाकून तो जात नाही. पाणी नियमित दिल्याने जातो.

तोडणी : पेरणीपासून चार-पाच आठवड्यांत बोटभर उंचीची कोवळी पाने आणि सहा-आठ आठवड्यांत पूर्ण झाड मिळते. बाहेरची पाने एकेक करून खुडावीत, नाहीतर जमिनीपासून तीन-चार सेंमी. ठेवून कात्रीने सबंध झाड कापावे. गाभा शाबूत राहिला तर दोन-तीन वेळा फुटवा येतो. प्रत्येक खेपेला पान थोडे लहान आणि थोडे कडवट होत जाते. तोडणी पहाटे किंवा सकाळी लवकर करावी. उन्हात खुडलेले पान लवलवीत पडते, जसे बाजारातून दुपारी आणलेली कोथिंबीर. थंड पाण्यात पंधरा मिनिटे ठेवले की ते पुन्हा ताठ होते.

कच्च्या पाल्याच्या बाबतीत स्वच्छता हा मुद्दा खताइतकाच महत्त्वाचा. शहरांच्या कडेला सांडपाण्यावर वाढलेल्या भाज्यांतून पोटाचे विकार पसरतात. माणसाच्या विष्ठेतून आलेली पट्टकृमीची अंडी अशा पाल्यावरून पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फेफरे येऊ शकते. घरी लावण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे, हौस नंतर. पण घरच्या वाफ्यात ताजे शेण किंवा शेणस्लरी ओतली तर हा फायदा गेलाच. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत, मातीला टेकणाऱ्या पिकासाठी कच्चे शेण घातल्यापासून तोडणीपर्यंत १२० दिवस जाऊ द्यावेत असे बंधन आहे आणि लेट्यूसचे पेरणीपासून तोडणीपर्यंतचे आयुष्य त्याहून लहान असते. म्हणून येथे पूर्ण कुजलेलेच खत. पाने सुटी करून वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी धुवावीत व कापडावर निथळावीत. ओल्या पानावर तेल-लिंबू धरत नाही.

हंगामाबाहेरचा पाला : फाल्गुन ते भाद्रपद लेट्यूसचा नाद सोडून इतर पाल्याकडे वळावे. बाळंतिणीच्या लाडवांचे हळीव हे त्यांतले सर्वांत सोपे. युरोपात कोवळा पाला सँडविचमध्ये घालतात ती ‘गार्डन क्रेस’ म्हणजे हीच वनस्पती. हळीव भिजवले की बुळबुळीत गोळा होतो, म्हणून ते कोरडेच ओल्या कोकोपीटवर किंवा जाड सुती कापडावर विरळ टाकावे आणि दिवसातून दोनदा पाणी शिंपडावे. दहा-बारा दिवसांत बोटभर तिखट पाला कात्रीने कापता येतो. तो पुन्हा फुटत नाही, पण वाटीभर हळिवाला खर्च तो काय! उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात घोळ ही आंबटसर, मांसल पानांची भाजी कुंडीत सांगावे लागत नाही अशी वाढते. भूमध्य समुद्राकाठी ती कच्चीच खातात. लाल माठ व मुळा यांची पंधरा-वीस दिवसांची पाने, मोहरीचा कोवळा पाला यांचीही भर घालता येते. पालकाची पाने कच्ची घ्यायची तर कोवळी आणि बेताने, कारण त्यांत ऑक्झॅलेट बरेच असते. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ती टाळलेली बरी.

बी धरणे : लेट्यूस स्वपरागित असल्याने दोन वाण शेजारी असले तरी मिसळ फारशी होत नाही आणि घरचे बी वाणाशी इमान राखते. सर्वांत उशिरा फुलावर जाणारे झाड बियांसाठी निवडावे. लवकर जाणारे निवडले तर पुढच्या वर्षीचा हंगाम आणखी आखूड होतो. फुले फिकट पिवळी, सकाळी थोडाच वेळ उमलणारी. सुमारे दोन-तीन आठवड्यांनी बोंडांतून पांढरा कापूस डोकावतो. दांडा कागदी पिशवीत वाकवून एक दिवसाआड झटकत राहावे, कारण सगळे बी एकदम पिकत नाही आणि वाऱ्याने उडून जाते. आपल्याकडच्या दमट उन्हाळ्यात उघड्यावर ठेवलेले बी वर्षभरात निम्मे निकामी होऊ शकते. वाळवून, घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवले तर दोन-तीन हंगाम सहज चालते.