सोयाबीनच्या चिकट गाळाची कुळकथा

चिखली, मेहकर, लोणारच्या शिवारात पिकणाऱ्या सोयाबीनचे मोल तेल आणि ढेप यांवर ठरते. कारखान्यात कच्च्या तेलात गरम पाणी मिसळले की एक तपकिरी, चिकट गाळ वेगळा होतो. तेल स्वच्छ राहावे म्हणून तो काढून टाकतात. सुकवला की त्याचे लेसिथिन होते आणि ते चॉकलेट-बिस्किटांत जाते. या गाळाची कुळकथा आपल्या जिल्ह्यात कुणी सांगत नाही, याचे मला वाईट वाटते.

लेसिथिन पहिल्यांदा सापडले ते अंड्यात. १८४०च्या दशकात फ्रेंच औषधशास्त्रज्ञ थिओडोर गोब्ले यांनी बलकातून फॉस्फरस असलेला हा स्निग्ध पदार्थ वेगळा केला. प्रत्येक पेशीचे पटल अशाच रेणूंच्या दुहेरी थराचे असते, हे पुढच्या शतकात उमगले. तरीही पटल म्हणजे नुसती भिंत, हीच समजूत बराच काळ टिकली.

ती बदलायला सोयाबीननेही हातभार लावला. १९३९ मध्ये क्लेंक आणि सकाई या संशोधकांना सोयाबीनच्या फॉस्फरसयुक्त मेदात इनोसिटॉल हा साखरेसारखा रेणू आढळला. १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत डिलवर्थ वेन वूली यांनी सोयाबीनमधून इनोसिटॉल असलेला मेद वेगळा केला. वूली यांना लहानपणापासून मधुमेह होता आणि पंचविशीतच त्यांची दृष्टी गेली होती. म्हणजे हे काम त्यांनी केले तेव्हा त्यांना काहीच दिसत नव्हते.

हा मेद पेशीत करतो काय, याचा पहिला धागा सापडला पारव्याच्या स्वादुपिंडात. १९५३ मध्ये मेबल आणि लोवेल होकिन या दांपत्याने त्याच्या पातळ कापांवर चेतातंतूंचा निरोप पोचवणारे ॲसिटिलकोलीन टाकले. कापांतून पाचक विकरे स्रवू लागली, आणि पटलातील मेदात माग काढण्यासाठी दिलेला किरणोत्सारी फॉस्फरस भराभर शिरू लागला. बाहेरून निरोप आला की पटलातले रेणू बदलतात, असा त्याचा अर्थ. पण तो पुरता उलगडायला तीस वर्षे गेली. १९८३ मध्ये मायकेल बेरिज आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की इनोसिटॉलचा मेद तुटला की त्याचा सुटलेला तुकडा पेशीच्या आत जाऊन साठवलेले कॅल्शियम मोकळे करतो. स्वादुपिंडातला स्राव सुरू करणारा इशारा हाच.

१९८८ मध्ये लुईस कँटली यांच्या गटाने आणखी एक पायरी उजेडात आणली. मेदातल्या इनोसिटॉलच्या तिसऱ्या जागेवर फॉस्फेट चढवणारे एक विकर असते. इन्सुलिन पेशीच्या पटलावरच्या ग्राही प्रथिनाला चिकटले की आत हे विकर कामाला लागते. त्यातून तयार झालेल्या मेदाभोवती आतली प्रथिने गोळा होतात, आणि स्नायूंच्या पेशी रक्तातली साखर आत ओढू लागतात. मेदाचा हा बदल झाला नाही, तर इन्सुलिन दारात येऊनही साखर ओढण्याचा निरोप आत पोचत नाही.

वूली १९६६ मध्ये वारले. ज्या आजाराने त्यांची दृष्टी नेली, त्या आजारावरच्या औषधाचा निरोप त्यांनी सोयाबीनमधून काढलेल्या मेदाच्याच कुळातून पेशीत पोचतो, हे कळायला अजून दोन दशके होती. मला ही विज्ञानातली सर्वांत हृद्य गोष्ट वाटते. जिल्ह्यातल्या विज्ञान शिक्षकांना विनंती आहे: पेशीपटलाचा धडा घेताना मूठभर सोयाबीन वर्गात न्या आणि मुलांना वूली यांचे नाव सांगा.