शिवेवरील नदी : मिठीच्या ऱ्हासाचा ऐतिहासिक विचार

मुंबईच्या वाढीचा इतिहास बहुधा समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीच्या अंगाने सांगितला जातो. त्या जमिनीसाठी ज्या प्रवाहांचा बळी गेला, त्यांचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत टिपणात मिठी नदीपुरता त्याचा विचार करावयाचा आहे. विहार व पवई तलावांच्या सांडव्यांपासून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे १८ किलोमीटर वाहणारी ही नदी केवळ लोकसंख्येच्या भाराने नासली, असे सामान्यतः मानले जाते. हे मत खोटे नाही. पण अपुरे आहे.

प्रथम स्थलनामाची साक्ष घेऊ. शीव म्हणजे सीमा. मुंबई बेट जेथे संपते व साष्टी सुरू होते, तेथील गावाचे हे नाव. ही सीमा नावापुरती नव्हती. १७३९ मध्ये साष्टी मराठ्यांकडे आली, आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी ती घेईपर्यंत माहीमची खाडी ही दोन सत्तांमधील सरहद्द होती. पुढे सत्ता एक झाली. १८४५ मध्ये माहीम व वांद्रे सेतुमार्गाने जोडले गेले. तथापि शहराच्या दृष्टीने मिठीचा काठ शिवेबाहेरचाच राहिला. गावाला नको असलेले शिवेवर नेऊन टाकावयाचे, ही जुनी रीत शहरानेही पाळली. चामडे कमावण्याचा धंदा १९व्या शतकाच्या उत्तरार्धात धारावीत स्थिरावला. पुढे शहराचा कचराही तेथील खाजणांत पडू लागला.

परंतु नदीवरील पहिला आघात घाणीचा नव्हता, तहानेचा होता. शहराला पाणी पुरविण्यासाठी १८५६ मध्ये विहारच्या बांधाचे काम सुरू झाले व १८६० मध्ये ते पुरे झाले. १८९० च्या सुमारास पवईचा तलाव झाला. उगमाकडचे पाणी अशा रीतीने अडल्यावर नदीला मुख्यतः पावसाळ्यातील सांडव्याचाच आधार उरला. कोरड्या महिन्यांत पात्रातून वाहावयाचे ते काय? पुढे साकीनाका व कुर्ला या भागांत कारखाने, भंगाराची गोदामे, तेलाची पिंपे धुण्याचे व्यवसाय आणि दाट वस्ती वाढली. त्यांचे सांडपाणी हाच मग नदीचा उन्हाळी प्रवाह झाला. मैला वाहून नेणारे स्वच्छ पाणी वरच अडले होते, ही गोष्ट प्रदूषणाच्या चर्चेत सहसा विसरली जाते.

१९५० व १९५७ मध्ये महानगरपालिकेच्या हद्दी वाढल्या आणि शिवेवरची नदी शहराच्या मध्यावर आली. आता तिच्याविषयीची दृष्टी बदलावयास हवी होती. घडले उलट. विमानतळाच्या विस्तारात तिचा प्रवाह काटकोनात वळविला गेला. १९७७ पासून वांद्रे-कुर्ला संकुलाच्या नियोजनाची जबाबदारी प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आली, आणि भरतीचे पाणी सामावून घेणाऱ्या दलदलीवर व तिवरांच्या रानांवर भराव पडत गेला.

याच काळात लोकांच्या बोलण्यातून ‘नदी’ हा शब्द मागे पडून ‘नाला’ रूढ झाला. खेड्यात नाला हा पावसाचा नैसर्गिक प्रवाहही असतो. मुंबईच्या व्यवहारात मात्र त्याला गटाराची अर्थच्छटा आली. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. नदीला काठ असतो, पूरक्षेत्र असते, भरती-ओहोटीशी नाते असते. नाल्याला फक्त रुंदी आणि खोली असते, आणि ती ठरविणे हे अभियंत्याचे काम समजले जाते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यातच भरती आली आणि काठावरच्या वस्त्या बुडाल्या. नाल्याने आपण नदी असल्याचे त्या दिवशी दाखवून दिले. त्यानंतर मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पुराची कारणमीमांसा केली, आणि शासकीय व्यवहारात ‘मिठी नदी’ हे नाव ठळक झाले. परंतु उपाययोजनेत भर राहिला तो पात्र रुंद व खोल करणे, गाळ काढणे आणि दोन्ही काठांना भिंती बांधणे यांवर. म्हणजे नाव नदीचे आले. उपचार मात्र नाल्याचेच राहिले.

यावरून अभ्यासकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. नागरी पर्यावरणाच्या इतिहासात हद्दी, कामे व आकडे यांच्याबरोबर शब्दांचीही नोंद ठेवणे अगत्याचे आहे. कोणत्या प्रवाहाला केव्हापासून नाला म्हटले जाऊ लागले, हे शोधल्यास त्याच्या ऱ्हासाचा काळ बव्हंशी हाती लागेल. मुंबईतील दहिसर, पोयसर व ओशिवरा या नद्यांबाबत असा शोध अद्याप उपयोगी पडण्यासारखा आहे.