नाव झाकलेला लेखक

मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखक : नारायण विनायक जगताप. असा कोणी लेखक नव्हताच. जयंत विष्णू नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलट्या क्रमाने लावून ते नाव घेतले होते. १९६४ च्या हॉईल-नारळीकर सिद्धांताने त्यांची कीर्ती झाली होती. १९६५ मध्ये पद्मभूषण मिळाले होते. नावाच्या वजनाखाली परीक्षक दबू नयेत, हा हेतू.

सातपूरच्या कामगार वस्तीतून येणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, नाव तर आम्हीपण झाकतो. खोली भाड्याने मिळावी म्हणून." वर्ग हसला. मला हसू आले नाही. माझे वडील कारखान्यात लागले तेव्हा घरमालकाला त्यांनी आडनाव नव्हे, गावाचे नाव सांगितले होते.

नारळीकरांचा उमदेपणा निःसंशय खरा. पण झाकलेले नाव उघडले की त्यांचा मान वाढत होता. आमचे उघडले की खोली जाते. या दोन झाकण्यांमधले अंतर म्हणजेच आपला सामाजिक इतिहास होय. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेल्या नारळीकरांचे वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या जाणकार. पुढे केंब्रिज, १९७२ नंतर मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका'. त्यांच्या कथांचा नायक बहुधा शास्त्रज्ञच असतो. यंत्रावर बोटे गमावणारा कामगार उद्याच्या जगात कुठे असेल, हा प्रश्न आपल्यालाच लिहावा लागेल.

तरीही हा लेखक आपल्या कामाचा आहे. २००८ मध्ये त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साथीने फलज्योतिषाची चाचणी घेतली. बुद्धिमान व मतिमंद अशा २०० मुलांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० दिल्या. २७ ज्योतिषांची उत्तरे आली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी यापेक्षा कमी पडले नसते! जन्मवेळेवरून माणूस ठरवणारी कुंडली आणि जन्मावरून माणूस ठरवणारी जात ही एकाच घरची भावंडे आहेत. १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात आपली माणसे याच 'जन्मा'विरुद्ध उभी होती.

२०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्या मागच्या बाकावरच्या मुलाला मी एक विज्ञानकथा लिहायला सांगितली आहे. अट एकच : वर स्वतःचे पूर्ण नाव लिहायचे.